हातांची भिशी

हुकूम तुम्ही काढलात, मंत्रीसाहेब. आता अंग काढून घेऊ नका. 'एका बाळाबरोबर एकच नातेवाईक, आणि तोही सख्खा' हे वाक्य तुम्ही गार हवेच्या खोलीत बसून सांगितलंत, कुणीतरी ते टाईप केलं, आणि सकाळी पेज वाटायच्या वेळी शिपायाने ते नवजात बाळांच्या कक्षाच्या दाराला चिकटपट्टीने लावलं. शेजारीच तो व्हेंटिलेटर उभा आहे, ज्याच्या अंगावर तुमचा हसरा फोटो डकवलाय. त्याच्यावरचं प्लास्टिक अजून कुणी काढलेलं नाही. त्याचा कसलासा सुटा भाग यायचाय. दोन पावसाळे गेले, तो येतोच आहे.

कागद लागला तेव्हा कार्पियो दुसऱ्याच्या बाळाला श्वास देत बसला होता. ते बाळ म्हणजे पासिंग मावशीची नात. मावशी जिन्याखाली पेज प्यायला गेली होती. कार्पियोचा स्वतःचा मुलगा पलीकडच्या काचेच्या पेटीत होता, आणि त्याला हवा देत होता डोडोंग, तीनचाकी चालवणारा एक पोरगेला बाप. त्याची बायको त्यांच्या स्वतःच्या मुलीपाशी.

"वाचा," शिपाई म्हणाला.

"तूच वाच की," डोडोंग म्हणाला. "आमचे हात गुंतलेत."

शिपायाने वाचलं. फक्त रबरी फुगे दाबल्याचे आणि सुटल्याचे उसासे ऐकू येत राहिले.

ते फुगे काय, हे सांगायला हवं. पोटात पुरे दिवस न राहिलेलं पोर जन्मतं तेव्हा त्याची फुप्फुसं ओल्या कागदासारखी चिकटलेली असतात. मशीन असेल तर मशीन ती उघडत राहतं. सरकारी दवाखान्यात चालू मशिनं थोडी, पोरं फार. मग डॉक्टर घशातून नळी घालतात, नळीला अँबूचा रबरी फुगा लावतात, आणि फुगा बापाच्या हातात देतात. दाब. सोड. सोड. दाब. सोड. सोड. मशीन मोकळं होईपर्यंत. मशीन मोकळं कसं होतं ते कक्षातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एक तर त्याच्यावरचं पोर बरं होतं, नाहीतर दुसरं. म्हणून मशीन मिळू दे अशी माळ जपताना बाया मध्येच थांबायच्या आणि विषय बदलायच्या.

कार्पियो मासळी बंदरातला हमाल. होडीतून उतरलेली मासळीची घमेली ओढून लिलावाच्या फळीवर टाकायची, हेच त्याने मिसरूड फुटल्यापासून केलं. त्याच्या हाताला तीन पोटच्या पोरांचं रक्त लागून गेलं होतं, सगळी अर्धीच पडलेली. चौथा हा. त्याची बायको सेंडा चाळिशीला टेकली होती, आणि ह्याच्यानंतर आणखी पोर नको असं डॉक्टरने सिझर करतानाच सांगून टाकलं होतं.

पहिल्या दिवशी नर्स फेलिसाने फुगा त्याच्या पंज्यात दिला आणि लगेच परत घेतला.

"लिंबू पिळतोयस का, दादा? फुटेल की रे छाती त्याची. चिमणी धरल्यासारखं धर."

"चिमणी कधी धरली नाय मॅडम. ट्यूना धरलाय."

"मग दोनच बोटं आणि अंगठा. बाकीची बोटं घरी ठेवून ये."

त्याने बाकीची बोटं चिंधीने तळहाताशी बांधून घेतली. दोन दिवसांत त्याचा हात असा बसला की फेलिसा नव्या बापांना त्याच्याकडे बघायला पाठवू लागली. वास मात्र जाईना. कितीही साबण लावला तरी मासळीचा वास. मावशी पासिंग मुद्दाम मोठ्याने विचारायची, "डॉक्टर, या पेटीत बांगडा जन्मलाय का हो?" आणि सगळे हसायचे, कार्पियो सगळ्यात जास्त.

भिशी ही मावशीचीच कल्पना. आपल्या गल्लीतल्या धुणेवाल्या बायांची पैशांची भिशी ती वर्षानुवर्षं चालवत होती. तिची मुलगी बाळंत होताना रक्त जाऊन इथेच गेली. जावई जहाजावर आहे म्हणतात, कुठल्या जहाजावर ते जहाजालाही माहीत नसावं. म्हणजे नातीला मावशी, आणि मावशीला कुणी नाही. एकटं माणूस किती वेळ फुगा दाबणार? तिसऱ्या दिवशी तिचं मनगट सुजून बटाट्याएवढं झालं, तेव्हा तिने आजूबाजूच्या बापांना आणि आज्यांना गोळा केलं.

"पैशांची चालते, तर हातांची का नाही चालणार?" ती म्हणाली. "मी झोपेन तेव्हा तुम्ही माझीला हवा द्या. तुम्ही झोपाल तेव्हा मी तुमच्याला. घेतलं तेवढं फेडायचं. आणि उचल घेऊन पळालात तर गल्लीत तुमचं तोंड कुणी बघणार नाही, ही माझ्या भिशीची रीत आहे."

चालली. झकास चालली. कार्पियो बंदरावरचं काम आटोपून, अंघोळ करून यायचा तेव्हा त्याच्या मुलाच्या फुग्यावर कुणा अनोळखी आजोबांचा हात असायचा. सेंडा वरच्या मजल्यावर, एका खाटेवर तिघी बाळंतिणींमध्ये कुशीवर निजलेली असायची. तिला तो खालचा वृत्तान्त सांगायचा. आज त्याला अमक्याने श्वास दिला, तमकीने दिला. ती म्हणायची, "सगळ्या गावाचा श्वास घेऊन मोठा होणार म्हण की."

चूक झाली ती इथे. शिकाऊ नर्सांपैकी एकीला हे सगळं फार आवडलं. तिने मोबाईल काढला. कार्पियो तेव्हा फुग्यावर होता. पोरीने विचारलं, दादा, कसं वाटतं? गरीब माणसाला कुणी असं विचारलं की त्याच्या तोंडून आभारच निघतात. तो हसला आणि म्हणाला, "आम्हाला इथं काय कमी नाय. डॉक्टर देवमाणसं आहेत. मशीन नसलं तर नसलं, हात आहेत ना आमचे."

मागे प्लास्टिकमधलं मशीन दिसत होतं, तुमच्या फोटोसकट.

पोरीने तो व्हिडिओ सगळीकडे टाकला. आधी लोकांनी वाहवा केली. आपली माणसं कशी एकमेकांना धरून असतात, वगैरे. तुम्हीही केलीत, एका भाषणात. मग कुणीतरी खाली लिहिलं, मशीन का नाही? मग शंभरांनी तेच लिहिलं. मग तुम्हाला एकाएकी जंतुसंसर्गाची काळजी वाटू लागली.

शिपाई गेला आणि पहारेकरी आला. सोबतीच्या माणसांची ओळखपत्रं तपासून त्याने आजोबांना काढलं, कुणाच्या चुलतीला काढलं, कुणाच्या शेजाऱ्याला काढलं. ज्यांची पोरं वाचून वर आईकडे गेली होती आणि तरीही फेडायला येत होते, अशा दोघांना काढलं. नर्स फेलिसा भिंतीकडे तोंड करून औषधं भरत राहिली.

"मॅडम, तुम्ही तरी बोला," कार्पियो म्हणाला.

"माझ्या हातात काय आहे, दादा? पाहतोयस ना किती पेट्या आहेत. मी बोलले तर माझी बदली, आणि मग या पेट्यांना मीही नाही."

तिचं खोटं नव्हतं. हेच तर तुमचं साधतं. कुणाचंच खोटं नसतं.

मग ते दोघे शेजारी शेजारी स्टुलावर बसले, कार्पियो आपल्या मुलापाशी, मावशी आपल्या नातीपाशी, दोघांचेही हात स्वतःच्याच फुग्यात अडकलेले. एकमेकांना देण्यासारखं आता फक्त बोलणं उरलं होतं.

"झोपलास काय रे, हमाला?"

"नाय मावशी. बोला."

"काय बोलू? तूच सांग. बंदरात आज काय आलं?"

"मी गेलो कुठे बंदरात? मुकादमाने निरोप धाडला, उद्या नाय आलास तर घमेलं दुसऱ्याला."

"मग?"

"मग काय. घमेलं दुसऱ्याला."

जरा वेळाने मावशी म्हणाली, "माझी पोरगी ना, एक नंबरची आळशी. भांडं उचलायची नाही. पोर बाहेर ढकलायचाही कंटाळा केला बघ तिने." आणि हसू लागली, आणि हसता हसता तिचा फुगा चुकला, तशी ती गप्प झाली.

सेंडा दुपारी जिना उतरून आली. टाक्यांवर हात दाबून, एकेका पायरीवर थांबत. आईला सोबतीचं माणूस मोजत नाहीत, एवढी मेहेरबानी होती. तिने फुगा घेतला आणि कार्पियो तिच्या पायाशी फरशीवर आडवा झाला. डोळा लागतो न लागतो तोच फेलिसाने त्याला हलवलं. सेंडाचा हात दाबत होता, पण दात वाजत होते. अंग तव्यासारखं. टाके पिकले होते. तिला स्ट्रेचरवर घालून वर नेलं. जाताना ती म्हणाली, "त्याला आन्सेल्मो म्हण. माझ्या बापाचं नाव आहे." जणू भाजी आणायला सांगत होती.

त्या दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत तो एकटा होता. अधूनमधून फेलिसा यायची, फुगा घ्यायची, तो धावत मोरीवर जाऊन यायचा. त्याने गालाला आतून चावून पाहिलं. त्याने मांडीला चिमटे काढले. त्याने आन्सेल्मोला बंदरातल्या सगळ्या होड्यांची नावं सांगितली, मग मासळीची. दाब. सोड. सोड. बाळाची छाती वर यायची, नखभर, आणि बसायची. पापण्या पारदर्शक होत्या. एकदा त्याने डोळा किलकिला केला असं कार्पियोला वाटलं. तो मावशीला सांगायला वळला, तर मावशीची मान छातीवर पडली होती आणि हात मात्र झोपेतच दाबत होता.

उकाडा मरणाचा होता. पंखा भिंतीकडे तोंड करून फिरत होता.

मग फेलिसा त्याच्या खांद्याला धरून हलवत होती, आणि डॉक्टरांचे हात पेटीत होते, आणि फुगा डॉक्टरांकडे होता. कार्पियोची बोटं हवेत तशीच वाकलेली होती. ती चिमणी धरल्यासारखी होती की सैल पडली होती, हे त्याला आठवेना. डॉक्टर खूप वेळ झटले. तरुण पोरगा होता, त्याचे डोळेही झोपेने लाल होते. शेवटी त्याने कानातून नळ्या काढल्या.

"फुप्फुसं कच्ची होती," तो म्हणाला. "तुमचा काही दोष नाही."

"डॉक्टर, माझा हात..."

"दोष नाही म्हटलं ना."

त्याला दोष-बिष नको होता. त्याला कुणीतरी नीट विचारायला हवं होतं, तू झोपलास का? कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की बापाला जागं का राहावं लागलं? म्हणून सगळे त्याला दोष नाही, दोष नाही म्हणत राहिले आणि त्याची वाट त्या दोन शब्दांनी बंद केली.

फेलिसाने कापसाने बाळाच्या कपाळाला बाप्तिस्म्याचं पाणी लावलं, नाव विचारलं, त्याने सांगितलं. सलाईनच्या बाटल्या येतात तसला एक पुठ्ठ्याचा खोका मिळाला. वडापच्या जीपनीत ड्रायव्हर म्हणाला, "दादा, खोका मागे टाक, माणसाला जागा होईल." कार्पियो म्हणाला, "हलकाय. मांडीवर राहील."

पुरून आला तो सरळ सेंडाकडे. तिचा ताप उतरला होता. दोन्ही बाजूंच्या बाळंतिणी आपापली पोरं पाजत होत्या आणि मध्ये ती छताकडे बघत पडली होती. गाऊन छातीवर भिजला होता.

"दूध थांबत नाही," ती म्हणाली. "त्याला कुणी सांगितलंच नाही बहुतेक."

त्याने तिच्या भिजल्या गाऊनवर चादर ओढली. तिने विचारलं, "मावशीच्या नातीला कोण पाजतं? नळीतून?"

"डब्याचं. मिळालं तर."

"वाटी आण."

त्याने वाटी आणली. तिने पाठ वळवून दूध काढलं. वाटी रुमालाने झाकून तो जिना उतरला. खालच्या दाराशी पहारेकरी बसला होता. कार्पियोच्या गळ्यात वरच्या वॉर्डाचं ओळखपत्र होतं, या दारासाठी ते काही कामाचं नव्हतं. पहारेकऱ्याने ओळखपत्र पाहिलं, वाटी पाहिली, मग डोळे चोळले.

"चष्मा घरी राहिला माझा," तो म्हणाला. "काय दिसत नाही आज."

आन्सेल्मोच्या पेटीत दुसरं बाळ आलं होतं. पासिंग मावशी आपल्या स्टुलावर होती, पण बसली होती असं म्हणवत नाही. पेटीच्या कडेवर टेकवून ठेवल्यासारखी होती. तिने वर बघितलं आणि तिच्या तोंडावर राग आला.

"तुझं काय राहिलंय इथं?"

"तुमच्या पाळ्या राहिल्यात माझ्याकडे."

"कसल्या पाळ्या? पोर गेलं तुझं. हिशोब मिटला."

"तुमच्याकडून मिटला असेल. मी घेतलं ते घेतलंच ना."

त्याने वाटी फेलिसाकडे दिली. तिने वाटी कुठून आली ते विचारलं नाही. दूध ओढून घेतलं आणि नातीच्या नळीतून थेंब थेंब सोडू लागली. तेवढं होईपर्यंत कार्पियो उभाच होता. हात मागे बांधून. मावशीने ते पाहिलं.

"घे की मग. उभा काय राहिलास?"

"मावशी, त्या दुपारी तुम्ही शेजारी होता. माझा हात थांबला होता का?"

मावशीने फुगा दाबला, सोडला. "मी नाही पाहिलं. मी पण झोपले होते."

"तुमचा हात चालू होता. मी पाहिला."

"असेल. मला नाही माहीत. माझी का टिकली आणि तुझा का नाही, हे मला विचारू नकोस. मी धुणेवाली बाई आहे." मग आवाज खाली घेऊन ती म्हणाली, "परत डोळा लागला तर कंबरेत लाथ घालीन. बस आता. मेले मी."

तो बसला. त्याने बाकीची दोन बोटं तळहाताशी बांधून घेतली. तिचा हात निघायच्या आत त्याचा हात फुग्यावर आला, मधला एकही श्वास चुकला नाही. मावशी स्टुलावरून सरळ फरशीवर घसरली आणि तोंड उघडं टाकून घोरू लागली. पोरीची छाती वर आली. बसली. वर आली. हिच्या पापण्याही तशाच होत्या. त्याने होड्यांची नावं सुरू केली आणि मध्येच सोडली. ती नावं त्याने आन्सेल्मोला देऊन टाकली होती. तो नुसताच दाबत राहिला.

उन्हं कलती झाली तेव्हा प्रशासक बाई फेरीला आल्या. खळ घातलेला कडक गणवेश, हातात तोच हुकूम. त्या काही वाईट बाई नव्हत्या, त्यांच्यावरही कुणीतरी होतं, आणि त्याच्यावर तुम्ही. त्या पेट्यांवरून नजर फिरवत आल्या आणि कार्पियोपाशी थांबल्या. फरशीवरच्या मावशीकडे त्यांनी पाहिलं, मग त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे.

"तू या बाळाचा कोण?"

"कुणी नाय, मॅडम."

"सख्खा नाहीस."

"नाय."

"मग आत कसा आलास? हुकूम वाचलास ना?"

"वाचून दाखवला होता."

फेलिसा मधे पडली. "मॅडम, त्याच्या बायकोचं दूध चालू आहे या बाळाला, म्हणून तो..."

"दुधाचा प्रश्न नाहीये. एकाला सोडलं की सगळे येतात. ऊठ बाबा. मला पहारेकऱ्याला बोलवायला लावू नकोस."

बाजूच्या पेट्यांवरचे सगळे ऐकत होते, कुणाचा हात थांबत नव्हता. मावशी झोपेत काहीतरी पुटपुटली आणि कुशीवर वळली. तिचं सुजलेलं मनगट फरशीवर उताणं पडलं होतं. डोडोंगने आपल्या फुग्यावरून मान वर केली, बायकोने त्याला कोपराने ढोसलं, तशी त्याने ती खाली घातली.

कार्पियोने वाद घातला नाही. बंदरात मुकादमाशी वाद घालायची सवय नसते, दवाखान्यात तर नाहीच. तो स्टुलावरून उठला. उठला, पण हात तिथेच होता, बोटं दाबत होती, सोडत होती. वाकलेल्या अंगाने, एका हाताने ओळखपत्र गळ्यातून काढून त्याने बाईंपुढे धरलं.

"जातो मी, मॅडम," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "माझ्याच्या वेळी कुणी काय विचारलं नाय, म्हणून मीच विचारतो. आता हा हात मी काढणार. इथं कोण बसणार? माणूस दाखवा. त्याच्या हातात देतो आणि जातो. बोला, कोण?"